एकच ठेका जाणणारा मॉनिटर

४ जून

अहो मिस्त्री,

इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका. उसने मागायला लिहीत नाहीये. तुमचा पत्ता छपाईमास्तरांनी दिला. ते बाजारात भेटले. अजून तसेच आहेत, समोरच्याला बोलू न देणारे. तुमच्या मंडळी गेल्या, तुम्ही मुलाकडे राहता, मास्तरांना अधूनमधून फोन करता आणि माझी चौकशी चुकूनही करत नाही, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. मंडळींचं ऐकून वाईट वाटलं. फोन नंबरही देत होते, पण फोनवर तुम्ही ‘हं’च्या पुढे कधी गेला नाहीत, म्हणून कागद घेतला.

आता कामाचं. कारखाना बंद झाला तेव्हा डिझाइन खात्यातलं सामान आपल्यालाच उचलून न्यायला सांगितलं होतं, आठवतं? माझ्या कॉम्प्युटरचं मशीन शेवटच्या आठवड्यात गेलं, म्हणून मी नुसता मॉनिटर आणला. चौघांनी उचलून आणला तेव्हापासून तो पुढच्या खोलीत टेबलावर बसून आहे. भाची म्हणते, “मावशी, याच्या जागेत एक भाडेकरू मावेल.” पण मी त्याला हलवू देत नाही.

माझं मशीन जाता जाता डाळिंबांचं डिझाइन तुम्ही तुमच्या मशीनवर उतरवून घेतलं होतंत. ती चादर छापली गेलीच नाही. एवढी वर्षं त्या खुर्चीत काढली, पण बाकीची सगळी डिझाइनं साहेबांच्या बायकोच्या पसंतीची होती. डाळिंबं तेवढी माझी. मला ती एकदा पाहायची आहेत. एकदाच.

तुमचं मशीन आहे का अजून? की भंगारवाल्याला दिलंत?

— रंगबाई (नाव तुम्हीच ठेवलंत, आता भोगा)


१५ जून

रंगबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि लगेच फोडलं नाही. आधी अंघोळ केली, चहा घेतला, मग फोडलं. सून बघत होती. म्हणाली, “बाबा, कोर्टाचं आहे का?”

मशीन आहे. माळ्यावर जुन्या रजयांखाली होतं. मुलाला स्टूल धरायला लावून मी स्वतः चढलो. त्याला वाटलं बाबांना लहर आली. धूळ काढली, आतली बॅटरी बदलली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. चित्र मात्र बघता आलं नाही, कारण माझा मॉनिटर केव्हाच गेला. म्हणजे माझ्याकडे धड आणि तुमच्याकडे तोंड.

सोपा उपाय सांगतो. बाजारातून हल्लीचा पातळ मॉनिटर आणा. त्याला जोडायचा तुकडा मी पाठवतो, मशीन पाठवतो, चुटकीसरशी डाळिंबं दिसतील.

मंडळींबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. लग्न उशिरा केलं. चांगली होती ती. माझ्या ‘हं’चे तिने सात-आठ अर्थ लावून ठेवले होते आणि ते बहुतेक बरोबर निघत.

तुमची चौकशी मी मास्तरांकडे केली नाही हे खरं आहे. ते उत्तर देतील याची भीती वाटायची.

— मिस्त्री


२८ जून

अहो मिस्त्री,

पातळ मॉनिटर नको. तुम्ही विसरलात की विसरल्यासारखं करताय? माझ्या मॉनिटरचा लाल पहिल्यापासून मंद. तो मंद दिसायचा म्हणून मी लाल चढवून घालायची आणि छपाईमास्तर माझी फाइल आली की गुपचूप दोन घरं लाल उतरवायचे. नवा साहेब आला त्याला हे कोणी सांगितलं नाही, आणि मास्तर रजेवर असताना गुलाबाच्या चादरी छापल्या त्या मिरचीच्या निघाल्या, तो दिवस तरी आठवत असेल. सगळे माझ्याकडे बघत होते आणि तुम्ही एकटे टेबलाखाली जाऊन केबल तपासत होतात. हसत होतात, मला माहीत आहे.

तर डाळिंबांचा लाल माझ्याच मॉनिटरवर खरा. दुसरीकडे ती भाजल्यासारखी दिसतील. असली डाळिंबं पाहण्यापेक्षा न पाहिलेली बरी. माझ्या मॉनिटरला तुमचं मशीन कसं जोडायचं तेवढं बघा. तुम्हाला नाही जमलं तर कोणालाच जमणार नाही.

आणि अक्षर मोठं काढत जा. मागच्या पत्रात नुसत्या मुंग्या होत्या.

मॉनिटर मी रोज पुसते. लग्नाबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, आणि थोडं नाहीही वाटलं. दोन्ही खरं आहे.

— रंगबाई


१२ जुलै

रंगबाई,

मशीन ट्रान्सपोर्टने रवाना केलं आहे. सोबत केबल, एक डबी आणि कुठे काय जोडायचं त्याचं चित्र. भाचीला सांगा, मशीन तारांना धरून उचलू नको.

डबी कशाला ते सांगतो. मशीन मॉनिटरला दोन गोष्टी पाठवतं: रंग आणि ठेका. ओळ कुठे संपली, पान कुठे संपलं, हे ठेका सांगतो. ठेका चुकला तर रंग पोचूनही चित्र उभं राहत नाही. माझं मशीन तीन तारांतून रंग पाठवतं आणि आणखी दोन तारांतून दोन ठेके, एक ओळीचा आणि एक पानाचा. तुमच्या मॉनिटरला मुळात तीनच तारा. तो ठेका हिरव्या रंगाच्या तारेतच शोधतो. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. हा बोलतो एका दारातून, तो कान लावून बसलाय दुसऱ्या दाराला. डबी दोन्ही ठेके एकत्र करते आणि हिरव्यात मिसळून देते.

नाही जमलं तर डबी परत पाठवा आणि काय दिसलं ते सविस्तर लिहा. नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका.

खोलीत उजेड कुठल्या बाजूने येतो? मॉनिटरवर ऊन पडत नाही ना? टेबलाशी दुसरी खुर्ची आहे का? जोडणीच्या दृष्टीने विचारतोय.

अक्षर मोठं काढलं आहे. माझ्या अक्षराला तुम्ही पहिल्यापासून नावं ठेवता, त्याची सवय आहे.

— मिस्त्री


५ ऑगस्ट

अहो मिस्त्री,

सविस्तर हवं ना, घ्या. उजेड डाव्या खिडकीतून येतो. ऊन मॉनिटरच्या पाठीवर पडतं, तोंडावर नाही. दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात. जोडणीच्या दृष्टीने सांगतेय.

मशीन आलं. भाचीने तुमच्या चित्राप्रमाणे सगळं जोडलं. मी मॉनिटरचं बटण दाबलं. आधी ते ‘टक्’ झालं, मग बारीक किणकिण, मग तापलेल्या धुळीचा वास. भाची म्हणाली, “मावशी, जळतंय काहीतरी!” मी म्हटलं, “नाही ग, हा असाच उठतो.” आणि मला रडू आलं. लपवत नाही. किती वर्षांनी त्या खोलीत काहीतरी उठून बसलं.

मग पट्ट्या आल्या. तिरप्या, उजवीकडे झुकलेल्या, पावलापावलाला तुटलेल्या. त्यात कुठेतरी लाल असावा असं वाटतं. चित्र म्हणाल तर नाही. भाचीने लगेच बंद केलं.

डबी परत पाठवतेय. जरा लवकर करा. नेहमीसारखं ‘बघू, बघू’ नको. मला घाई आहे.

अक्षर अजून मोठं चालेल.

— रंगबाई


२६ ऑगस्ट

रंगबाई,

घाई कसली? आपल्याला आता कुठली पाळी गाठायची आहे? मी सकाळी उठतो, झाडांना पाणी घालतो, पोस्टमनची वाट बघतो. सून म्हणते, बाबा हल्ली पोस्टमनला चहा देतात, उद्या जेवायला बसवतील.

पट्ट्यांचं कारण कळलं. तुमचा मॉनिटर जन्मभर एकच ठेका जाणतो. त्याहून जलद दिला किंवा सावकाश दिला की तो फाटतो. नवे मॉनिटर समोरचा देईल तो ठेका धरतात. हा हट्टी आहे. माझं मशीन सुरू होताना दुसऱ्याच ठेक्यावर सुरू होतं. हे आधीच सांगायला हवं होतं, विसरलो.

वेगळ्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या आहेत. मशीन सुरू झालं की त्या जशाच्या तशा टाइप करायच्या. अडचण एवढीच की त्या वेळी मॉनिटरवर काही दिसणार नाही, तो बंदच ठेवायचा. न बघता टाइप करावं लागेल. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ओळी झाल्या की मग मॉनिटर लावा.

डबीतही थोडा बदल केला आहे. या खेपेला नाही जमलं तर पुन्हा परत पाठवा, त्यात काय.

इथे सगळं ठीक. गुडघा बोलतो. तुमच्या त्या मिरचीच्या गुलाबांवर मी टेबलाखाली हसत होतो हे खरं आहे, पण तुमच्यावर नाही. तुम्ही साहेबाला म्हणालात, “गुलाब तिखट लागला तर परत करा,” त्यावर.

दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे काढून ठेवत जा. खुर्ची रिकामी असलेली बरी.

— मिस्त्री


९ सप्टेंबर

मिस्त्री,

चित्र आलं.

दोन ओळी मी पहिल्या फटक्यात टाइप केल्या. न बघता टाइप करायचा मला आता सराव आहे, तो का ते पुढे सांगते. मॉनिटर लावला आणि पट्ट्या गेल्या. माझी डाळिंबं आली, माझा लाल आला. आणि ती थांबेनात. खालून वर, खालून वर सरकत राहिली. एकावर नजर ठेवावी तोवर ते वरच्या काठाला जाऊन नाहीसं आणि खालून दुसरं. ओळीचा ठेका लागला, पानाचा लागला नाही. एवढं तुमच्याच पत्रांनी मला शिकवलं.

म्हणून मी भाचीला डबी उघडायला लावली. ती म्हणाली, “मावशी, यातली एक तार तुटलीय.” मग म्हणाली, “तुटलेली नाही ग, कापलीय. आणि टोकावर छोटी नळी चढवलीय, छान बसवून.” मी बोटाने चाचपलं. आपोआप तुटलेल्या तारेला कोणी टोपरं घालत नाही, मिस्त्री. चोरी करतानाही मॉनिटरला इजा होऊ नये म्हणून जपणारा चोर मी आयुष्यात एकच पाहिला. आणि मागच्या खेपेला ठेक्याचं ‘विसरलो’ म्हणालात. तुम्ही? माझ्या मॉनिटरचा ठेका? तुम्हाला स्वतःचा वाढदिवस आठवत नसे, पण ते आकडे झोपेतून उठवलं तरी सांगायचात.

ताकाला जाऊन भांडं का लपवता? खुर्चीची चौकशी करता, उन्हाची करता. सरळ विचारलं असतंत तर मी काय खाणार होते तुम्हाला?

आता माझं ऐका. माझे डोळे चाललेत. उजवा उन्हाळ्यातच गेला. डाव्याचं मधलं विझत चाललंय, कडा तेवढ्या राहिल्या आहेत. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर सुया देतात, धीर देतात, पण तारीख देत नाहीत. रंग आधी फिके होतात म्हणाले, आणि लाल फिका व्हायला लागलाय. म्हणून घाई होती. म्हणून अक्षर मोठं मागत होते. हे पत्र मी रेघेवर पट्टी धरून लिहितेय, तरी ओळी चढल्या असतील.

कीव नको होती म्हणून सांगितलं नाही. पण माझ्याकडे हा एक उन्हाळा आणि हा पावसाळा होता, मिस्त्री, आणि त्यातला केवढा तरी तुम्ही त्या डबीत घालवलात. मी फार रागावले आहे.

डबी पाठवत नाही. ती इथेच आहे.

— रंगबाई


१३ सप्टेंबर

रंगबाई,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

तार मी कापली. चित्र उभं राहिलं की तुमचं आभाराचं एक पत्र येईल आणि मग काही येणार नाही, असं वाटलं. डबी परत येत राहिली असती तर तिच्यासोबत तुम्ही येत राहिला असतात. डोळ्यांचं माहीत असतं तर केलं नसतं, असं म्हणण्यात आता अर्थ नाही. तुम्ही मोठं अक्षर मागितलंत आणि मी त्यात थट्टा वाचली. मूर्ख आहे.

ती तार भाचीलाही जोडता येईल. नळी काढायची, दोन टोकं पिळायची, चिकटपट्टी लावायची. तिला आजच सांगा, माझ्यासाठी थांबू नका. तरीही मी शुक्रवारी दुपारी येतोय. पिळलेली तार टिकत नाही, तिला कथील वितळवून पक्का डाख द्यायला हवा. मास्तरांकडे उतरेन. दार उघडलं नाहीत तर डाखाची कांडी पायरीवर ठेवून परत जाईन.

एक मात्र लिहितो, तुमचा राग कमी व्हावा म्हणून नाही. कारखान्यात तुमचा मॉनिटर आठवड्यातून दोनदा तरी अंधारायचा आणि तुम्ही मला बोलावणं धाडायचात. मशीनमागे पाहावं तर केबलचे स्क्रू सैल. दोन्ही, एकदम, सारखेच. थरथरीने सैल होतो तो एखादा स्क्रू होतो, जोडीने होत नाहीत. मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर ते सैल व्हायचे थांबले असते.

तेव्हा बोलायला हवं होतं.

शुक्रवारी मॉनिटर आधीपासून लावून ठेवा. तापल्याशिवाय त्याचा लाल उमलत नाही.

— मिस्त्री


२७ सप्टेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

रविवारी परत येतो सांगून निघालो होतो आणि दुसरा रविवार आला, म्हणून हे पत्र. काळजी नको. मास्तरांकडे आहे, जेवण वेळेवर होतं, त्यांची बडबड औषधासारखी तीन वेळा घेतो.

तू निघताना विचारलंस, “बाबा, कोण आहे हो ती?” आणि मी ‘हं’ म्हणालो. तुझ्या सासूने त्याचा अर्थ बरोबर लावला असता. तुलाही लागला असावा, नाहीतर माझ्या पिशवीत इस्त्रीचा नवा शर्ट कुठून आला?

शुक्रवारी दार उघडलं. त्यांनी विचारलं, “डाख आणलात?” मी म्हटलं, “हो.” बस, एवढंच. भाचीने तार पिळून ठेवली होती, पण रंगबाईंनी मॉनिटर लावू दिला नव्हता. “चोराच्या हातानेच जोडून घेऊ,” म्हणाल्या म्हणे. मी डाख दिला. टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, दोन्ही रिकाम्या. मग डाळिंबं आली आणि उभी राहिली, अगदी स्थिर. रंगबाई मॉनिटरकडे न बघता तोंड खिडकीकडे करून बसल्या. मला वाटलं अजून राग आहे. मग कळलं, त्यांना कडेनेच दिसतं, म्हणून मान वळवावी लागते. तशाच कडेने एकेक डाळिंब बघत गेल्या. मग म्हणाल्या, “ते बघा, ते फुटलेलं. त्याच्या दाण्यांसाठी चार लाल लागले होते.” मी इतकी वर्षं त्या मॉनिटरच्या मागची बाजू पाहत आलो, पुढून नीट पाहिलं ते त्या दिवशी. चारही लाल दिसले मला.

रविवारी निरोप घ्यायला गेलो तर मॉनिटर अंधारलेला. भाची म्हणाली, “काका, काल तर छान होता.” मी मशीनमागे हात घातला. स्क्रू सैल होते. दोन्ही, एकदम, सारखेच. रंगबाई खिडकीकडे तोंड करून वाटाणे सोलत होत्या. मी घट्ट केले आणि काही बोललो नाही. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. सूनबाई, असं रोज चाललं आहे. अशा परिस्थितीत मशीन सोडून येता येत नाही.

काल त्यांनी विचारलं, “आज लाल जरा उतरलाय का हो?” लाल होता तेवढाच होता. मी म्हटलं, “मॉनिटर म्हातारा झालाय, जपून दाखवतो.” त्या म्हणाल्या, “हं.” मग म्हणाल्या, “तुम्ही सांगा मग, कुठलं कसं आहे.” मला रंगांची नावं येत नाहीत. तुला माहीतच आहे, कोणी लुगडं नेसलंय एवढं मी ओळखेन, त्याचा रंग नाही. पण आता एकेक डाळिंब घेऊन त्यांना विचारतो, याला काय म्हणायचं, आणि त्या आठवून सांगतात. रोज दोन-तीन पाठ करतो. त्यांना दिसेनासं होईल तोवर मला सगळी सांगता यायला हवीत.

झाडांना पाणी घाल. पोस्टमनला चहा दे, सवय लागली आहे त्याला. आणि माझा जाड स्वेटर आणि कानटोपी पार्सलने पाठव, थंडीत लागेल.

— बाबा